दिवा हाती येण्याआधीची फ्लॉरेन्स

मैत्रिणींनो, मध्यंतरी माझ्या भाचीला पुण्यात नोकरी लागली. पेढे घेऊन माझी बहीण आली खरी, पण तिच्या चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद दिसेना. मुलगी बी.ए. झालेली, त्यानंतर एक वर्षाचा कोर्स केलेला, आणि नोकरी कसली, तर म्हणे फॅसिलिटी मॅनेजमेंटची! एका मोठ्या इस्पितळाच्या इमारतीत पाणी वेळेवर चढतंय का, लिफ्ट नीट चालते का, सफाईची माणसं आली का, जनरेटरमध्ये डिझेल आहे का, आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत का, चादरी धुऊन आल्या का, हे सगळं बघायचं. भाचीच्या आजीने, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी तर तोंडावरच विचारलं, की एवढं शिकून शेवटी झाडूपोछावाल्यांवरच नजर ठेवायची का? पोरगी बिचारी हिरमुसली. मावशी, तूच आता काहीतरी सांग, असं म्हणून माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा मला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवली. तुम्ही म्हणाल, तिचा इथे काय संबंध? ती तर परिचारिका. शाळेच्या पुस्तकातलं तिचं चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. रात्रीच्या अंधारात हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी शांत चेहऱ्याची बाई. पण हा दिवा तिच्या हाती आला १८५४ साली. त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तिने आयुष्यातलं पहिलं काम हाती घेतलं होतं. आणि ते काम जवळजवळ तेच होतं, जे माझी भाची करायला निघाली आहे.

श्रीमंताघरची लेक

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील लग्नानंतर इटलीत लांबच्या प्रवासाला गेले होते, तिथे फ्लॉरेन्स शहरात ही जन्मली म्हणून नावही तेच ठेवलं. मोठी बहीण नेपल्सला जन्मली, तर त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून तिचं नाव पार्थेनोपी. घरची परिस्थिती विचारूच नका. इंग्लंडमध्ये एक घर डर्बीशायरला, दुसरं हॅम्पशायरला. नोकरचाकर, पाहुणेरावळे, मेजवान्या. वडील हौशी आणि विद्वान. दोन्ही मुलींना त्यांनी स्वतः शिकवलं. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इतिहास, तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्सला मात्र ओढ लागली गणिताची. आईला ते पटेना. लग्न करून संसार मांडणाऱ्या मुलीला गणित काय करायचं आहे, हा तिचा सवाल. (आपल्याकडेही हा सवाल फार जुना नाही, नाही का?)

सोळाव्या वर्षी, १८३७ च्या फेब्रुवारीत, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं आहे असं तिला मनापासून वाटलं. सेवा म्हणजे नेमकं काय हे उमगायला पुढे काही वर्षं गेली. १८४५ साली तिने घरात विषय काढला, की मला सॅलिसबरीच्या इस्पितळात जाऊन रुग्णसेवा शिकायची आहे. घरात जणू आकाश कोसळलं. तेव्हाच्या इस्पितळांत चांगल्या घरची बाई पाय ठेवत नसे. तिथे काम करणाऱ्या बायका अडाणी, दारू पिणाऱ्या, अशीच त्यांची ख्याती. आई संतापली, बहिणीने आकांत मांडला. परवानगी मिळाली नाहीच.

मग फ्लॉरेन्सने काय केलं? भांडून घर सोडलं नाही. पहाटे उजाडायच्या आत उठायची आणि मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे, सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायची. टिपणं काढायची, आकडे मांडायची. नाश्त्याची घंटा झाली की वह्या मिटून खाली यायची आणि शहाण्या मुलीसारखी टेबलाशी बसायची. असं एकदोन महिने नाही, कित्येक वर्षं.

याच काळात घरच्या कोठीचा कारभार तिच्याकडे आला. चादरी, टेबलावरची कापडं, काचेची आणि चिनीमातीची भांडी, मुरंबे, सगळ्याची मोजदाद आणि याद्या. एवढ्या वस्तू माणसाला लागतात तरी कशाला, असा वैतागही तिला यायचा. पण हात मात्र तयार होत होता. पन्नास पाहुण्यांना किती चादरी लागतात, धुवायला गेलेल्यांतल्या किती परत आल्या, कुठल्या विरल्या, हे ज्या बाईला तोंडपाठ असतं तिला पुढे पाचशे खाटांचा हिशोब जड जात नाही. आपण घर चालवणाऱ्या बायका हे रोज करतो. फरक इतकाच, की आपण त्याला काम म्हणत नाही.

लग्नासाठी एक चांगलं स्थळही होतं. रिचर्ड मंक्टन मिल्न्स हा कवी आणि खासदार, मनाने उदार. तो कित्येक वर्षं थांबला. फ्लॉरेन्सलाही तो आवडत होता. पण त्याच्याशी लग्न केलं तर उरलेलं आयुष्य पुन्हा त्याच मेजवान्यांत जाईल हे तिला दिसत होतं. १८४९ साली तिने नकार दिला. तो नकार तिला सोपा गेला नाही. पुढची दोनएक वर्षं ती मनाने फार खचलेली होती.

१८५० मध्ये जर्मनीतल्या कायझरस्वर्थ गावी पाद्री फ्लीडनर यांची संस्था तिने पाहिली. दुसऱ्या वर्षी परत जाऊन सुमारे तीन महिने शिकली. तिथलं राहणं साधं, जेवण त्याहून साधं. पण फ्लॉरेन्स खूश होती. बत्तिशीला टेकलेल्या या बाईला आपण जिवंत आहोत असं तिथे वाटलं.

पहिली नोकरी, बिनपगारी

१८५३ साली ती संधी आली. लंडनमध्ये आजारी आणि गरजू सुशिक्षित बायकांसाठी एक छोटी संस्था होती. श्रीमंतांच्या घरी राहून मुलं शिकवणाऱ्या शिक्षिका आजारी पडल्या की त्यांना कोणी नसे, बहुतेक त्याच तिथे यायच्या. संस्था हार्ले स्ट्रीट भागातल्या नव्या जागेत हलवायची होती आणि ती चालवायला बाई हवी होती. मैत्रीण एलिझाबेथ हर्बर्ट हिने फ्लॉरेन्सचं नाव सुचवलं. पगार नव्हता. वडिलांनी मात्र या वेळी लेकीची बाजू घेतली आणि वर्षाला ५०० पौंड तिला स्वतःच्या खर्चासाठी बांधून दिले. आई आणि बहीण रडल्या, पण फ्लॉरेन्स आता ऐकणार नव्हती.

रुजू होण्यापूर्वीच, पॅरिसमध्ये असताना, तिने समितीतल्या लेडी कॅनिंगला पत्र लिहून आपल्या मागण्या कळवल्या. (हीच लेडी कॅनिंग पुढे १८५६ मध्ये गव्हर्नर जनरल नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात आली. बंगालातल्या लेडीकेनी नावाच्या मिठाईला तिचंच नाव आहे.) त्या पत्रात काय असावं? प्रार्थना, दयाबुद्धी, सेवाभाव? छे! तिची पहिली मागणी होती, की गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर आलं पाहिजे. दुसरी, की रुग्णांचं जेवण खालच्या स्वयंपाकघरातून वर पोचवायला रहाटासारखी खेचायची लिफ्ट हवी. तिसरी, की प्रत्येक रुग्णाच्या उशाशी घंटा हवी, ती परिचारिकेच्या दाराबाहेर वाजावी, आणि कोणी वाजवली हे कळण्यासाठी तिथली झडप उघडी राहावी.

मैत्रिणींनो, जरा थांबून या तीन मागण्यांचा विचार करा. हे सगळं नसेल तर परिचारिका दिवसभर करते काय? बादल्या आणि ताटं घेऊन जिने चढते आणि उतरते. घंटा ऐकली तर कोणाची हे शोधत फिरते. रुग्णाजवळ बसायला तिला वेळ उरतो कुठे? फ्लॉरेन्सच्या हे लक्षात आलं होतं. इमारत नीट असेल तरच माणसाला माणुसकीने वागता येतं. एखादी परिचारिका तुसडेपणाने बोलते तेव्हा आपण तिच्या स्वभावाला नावं ठेवतो. तिला दिवसात किती जिने चढावे लागले हे विचारत नाही.

१२ ऑगस्ट १८५३ रोजी ती हार्ले स्ट्रीटला राहायला गेली. तेहेतीस वर्षांची अविवाहित बाई समितीला वयाने लहान वाटत होती, म्हणून तिने आपल्या खर्चाने एक पोक्त बाई सोबत घेतली. घरात अजून कारागिरांची ठोकाठोक चालू होती. चादरी फाटक्या, सामानाला कसर लागलेली. तिने प्रत्येक कपाट उघडलं, प्रत्येक वस्तू मोजली. जुन्या पडद्यांना कात्री लावून पलंगपोस केले. वाणसामान थोडंथोडं महागात येत होतं, ते घाऊक आणायला सुरुवात केली. जाम विकत न आणता घरी करायला लावला. हे वाचून तुम्हाला आपल्या आजीची आठवण झाली असेल, तर ते बरोबरच आहे.

खरी कसोटी मात्र समितीची होती. एक बायकांची समिती आणि एक पुरुषांची, दोन्हींचं आपसात पटत नसे. फ्लॉरेन्सने यातून एक युक्ती शोधली. एखादी गोष्ट हवी असली की आधी एकेका सभासदाच्या मनात ती हळूच सोडायची, म्हणजे बैठकीत तो आपलीच कल्पना म्हणून ती मांडायचा आणि ठराव मंजूर व्हायचा. श्रेय कोणाला मिळालं याची तिला फिकीर नव्हती. आमच्या महिला मंडळात मी ही युक्ती करून पाहिली आहे. चालते!

पण एका बाबतीत तिने युक्ती केली नाही, सरळ पाय रोवले. समितीचं म्हणणं होतं, की रुग्ण फक्त इंग्लंडच्या चर्चच्याच असाव्यात. कॅथलिक नकोत, ज्यू नकोत. फ्लॉरेन्सने सांगून टाकलं, की तसं असेल तर मी येत नाही. समितीला नमतं घ्यावं लागलं. सर्व धर्मांच्या बायकांना दार उघडं झालं, आणि त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंना भेटायला येण्याची मुभाही मिळाली.

स्कुटारीचा धडा

वर्षभरात तिथली घडी बसली. तेवढ्यात क्रिमियाचं युद्ध पेटलं. जखमी सैनिकांच्या हालांच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या आणि लोक खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे एलिझाबेथचे पती. त्यांनी फ्लॉरेन्सला गळ घातली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ती ३८ बायकांना घेऊन निघाली. तिथे सगळं आहे, काही नेऊ नका, असं अधिकारी सांगत होते. तरी वाटेत मार्सेलला तिने चुली आणि सामान विकत घेतलंच. गृहिणीची अक्कल ती! ४ नोव्हेंबरला कॉन्स्टँटिनोपलसमोर, म्हणजे आजच्या इस्तंबूलसमोर, स्कुटारीच्या बराकीतल्या इस्पितळात ती पोचली.

तिथे काय होतं? मैलोनमैल खाटा, जमिनीवर झोपलेली माणसं, तुंबलेले संडास, रक्ताने आणि घाणीने वाळून कडक झालेले कपडे. कोठारात सदरे येऊन पडलेले, पण मंडळाने तपासणी केली नाही म्हणून गाठोडी उघडायची नाहीत! डॉक्टरांना ही बाई नको होती. ती गप्प राहिली. डॉक्टर बोलावतील तेव्हाच आपल्या बायका कामाला हात लावतील, असा नियम तिने घातला. दरम्यान बँडेज शिवा, आजाऱ्यांसाठी पेज शिजवा. थोड्याच दिवसांत जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांना तिला बोलवावंच लागलं.

मग तिने फरशा घासायचे ब्रश मागवले. आजाऱ्यांच्या पथ्याची वेगळी स्वयंपाकघरं मांडली. जवळ एक घर भाड्याने घेऊन पाणी तापवायचे बंब बसवले आणि सैनिकांच्या बायकांना धुण्याच्या कामाला लावलं. त्या बायकांनाही दोन पैसे मिळाले. काही दालनं पडझडीमुळे बंद होती. आणखी शेकडो जखमी येणार अशी खबर आली. अधिकाऱ्यांची चालढकल बघून तिने सुमारे २०० कारागीर स्वतःच्या जबाबदारीवर लावले आणि दुरुस्ती करून घेतली. पैसे सरकारने नंतर दिले.

इथवर गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पण पुढचा भाग शाळेच्या धड्यात नसतो. एवढं करूनही त्या हिवाळ्यात स्कुटारीत माणसं मरतच होती. १८५५ च्या फेब्रुवारीत तर दर शंभरातले बेचाळीसहून जास्त रुग्ण दगावत होते. जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि ताप यांनीच जास्त. मार्चमध्ये लंडनहून आरोग्य तपासणी पथक आलं. डॉ. सदरलँड आणि अभियंता रॉलिन्सन त्यात होते. त्यांनी पाहिलं, की एवढी मोठी इमारत खालच्या तुंबलेल्या गटारांवर आणि मैल्याच्या खड्ड्यांवर उभी आहे, आणि पाण्याच्या वाटेवर मेलेली जनावरं पडली आहेत. गटारं धुऊन काढली, घाण उपसली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं.

युद्धानंतर १८५६ मध्ये फ्लॉरेन्स घरी आली. सत्कार टाळण्यासाठी तिने प्रवासही मिस स्मिथ या नावाने केला. मग संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर आकडे मांडायला बसली, तेव्हा हे सगळं स्पष्ट झालं. आपण वर दिवा घेऊन फिरत होतो आणि मृत्यू जमिनीखालून येत होता. विचार करा, सारा देश जिला देवी मानतो त्या बाईला हे कळतं. तिला गप्प बसता आलं असतं. कोणी विचारलंही नसतं. पण तिने ते आकडे लपवले नाहीत. उलट सरकारला चौकशी आयोग नेमायला लावला आणि मंत्र्यांना एका नजरेत कळावं म्हणून रंगीत आकृत्या काढून छापल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतलं. त्या संस्थेची ती पहिली स्त्री सभासद. आईने नको म्हटलेलं गणित असं कामाला आलं.

मला हा भाग वाचताना आमच्याच मंडळाची एक चूक आठवते. आम्ही वर्गणी काढून एका शाळेला पिण्याच्या पाण्याची टाकी आणि कूलर दिला. फीत कापली, फोटो काढले. टाकी कोणी आणि किती दिवसांनी धुवायची, हे मात्र ठरवलंच नाही. तीन महिन्यांनी जाऊन बघितलं तर आत शेवाळ! देणारे आम्हीच आणि चूकही आमचीच. तेव्हापासून मी कुठल्याही चांगल्या कामात आधी विचारते, की हे धुणार कोण?

खाटेवरून चालवलेला कारभार

क्रिमियात लागलेल्या तापाने फ्लॉरेन्सची पाठ कधी सोडली नाही. पुढची कित्येक वर्षं ती बहुतेक खोलीतच, खाटेवरच असे. पण तिथून तिने जे काम केलं ते धडधाकट माणसांनाही जमणार नाही. १८५९ मध्ये इस्पितळांवर तिचं पुस्तक आलं. खिडक्या समोरासमोर हव्यात, दोन खाटांत अंतर हवं, भिंती धुता याव्यात, सांडपाणी इमारतीखाली साचू नये. लंडनचं नवं सेंट थॉमस इस्पितळ १८७१ मध्ये उघडलं, ते याच विचारांनी बांधलेलं होतं. त्याच इस्पितळाच्या जुन्या जागेत १८६० साली लोकांनी दिलेल्या निधीतून तिने परिचारिकांची शाळा सुरू केली. ज्या कामाला तिच्या आईने नाक मुरडलं होतं, ते काम मुलींचा मानाचा व्यवसाय झालं.

आपल्या देशात ती कधी आली नाही. पण इथल्या लष्करी छावण्यांना तिने प्रश्नावल्या पाठवल्या. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, सैनिक राहतात कसे? उत्तरांचे ढीग तिने तपासले. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेत दर हजारी वर्षाला ६९ सैनिक मरत होते, ते लढाईने नव्हे, घाणीने. १८६३ मध्ये अहवाल निघाला, सुधारणा झाल्या आणि दहा वर्षांत हा आकडा १८ वर आला. पुढे तिच्या लक्षात आलं, की छावणीभोवतीची गावं आजारी असतील तर छावणी निरोगी राहत नाही. मग ती खेड्यांच्या आरोग्यावर, दुष्काळावर, शेतकऱ्यांच्या कर्जावर लिहू लागली. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही खेड्यांतल्या स्वच्छतेबद्दल तिचा पत्रव्यवहार झाला.

१९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली होती, पण घरच्यांनी नकार दिला. हॅम्पशायरमधल्या लहानशा चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ तिला ठेवलं. दगडावर नावाची फक्त आद्याक्षरं आणि तारखा.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. म्हटलं, कामावर गेलीस की पहिल्या आठवड्यात इमारत तळघरापासून गच्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी फिर. जे दिसेल ते वहीत लिही. प्रत्येक वस्तूची यादी कर, कितीला आली ते लिही. सफाईच्या मावशींची नावं पाठ कर, कारण कुठे काय तुंबतं हे त्यांनाच आधी कळतं. वरिष्ठांकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, आकडे घेऊन जा. आणि चूक दिसली, अगदी आपलीच असली, तरी झाकू नकोस. त्या इमारतीत कोणाची तरी आई, कोणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

भाची रुजू झाली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. बायकांच्या वॉर्डातल्या बाथरूमच्या कड्या कित्येक दिवस तुटलेल्या होत्या, नातेवाईक बायका बाहेर पहारा देत उभ्या राहायच्या. तिने सगळ्या मोजल्या, खर्च काढला आणि बसवून घेतल्या. एक म्हातारी रुग्ण तिच्या डोक्यावर हात ठेवून गेली म्हणे.

आणि आजी? परवा सुट्टीला भाची घरी गेली, तेव्हा आजी तिला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेल्या. मोरीचं पाणी कित्येक महिने तुंबतंय, तू एवढी शिकलेली आहेस तर जरा बघ म्हणाल्या.